मताला तारीख लागते

चौक म्हटलं की तुमच्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांसमोर सिग्नल, वडापावची गाडी आणि कुणातरी दादांचा वाढदिवसाचा बॅनर येईल. मीरा-भाईंदरमध्ये मात्र चौक नावाचं गाव आहे. भाईंदर पश्चिमेहून मुर्धे, राई, मोर्वे मागे टाकलं की डोंगरी, उत्तन, पाली, चौक ही धारावी बेटावरची गावं लागतात. मासेमारी करणारी, बोंबील वाळवणारी. शहर इथे संपतं आणि समुद्र सुरू होतो. चिमाजी अप्पांचं स्मारक इथेच आहे. १७३९ मध्ये मराठ्यांनी वसई घेण्याआधी हे टोक ताब्यात घेतलं, कारण वसईच्या खाडीचं तोंड इथून राखता येतं.

आज आपण बोलणार आहोत ते किल्ल्याबद्दल नाही, मताबद्दल. आणि त्यासाठी चौकइतकं चांगलं गाव शोधून सापडणार नाही.

आधी एक साधं गणित करू. समजा, चौकमध्ये राहणारी एक मुलगी सप्टेंबर १९९९ मध्ये जन्मली. मीरा-भाईंदर महापालिकेची निवडणूक झाली २० ऑगस्ट २०१७ रोजी. तेव्हा तिला अठरा पूर्ण व्हायला काही दिवस कमी होते. ठीक आहे, कायदा म्हणजे कायदा. पुढची निवडणूक पाच वर्षांनी, म्हणजे २०२२ मध्ये व्हायला हवी होती. ती झाली १५ जानेवारी २०२६ रोजी. आपल्या नगरसेवकासाठी पहिल्यांदा बटण दाबताना ही मुलगी सव्वीस वर्षांची होती. कॉलेज संपलं, नोकरी लागली, कदाचित लग्नही झालं, आणि गावच्या कारभारात तिचं पहिलं मत तेव्हा पडलं.

तिचं नाव यादीत होतं. ओळखपत्र खिशात होतं. मे २०२४ मध्ये तिने लोकसभेला मत दिलं, नोव्हेंबर २०२४ मध्ये विधानसभेलाही दिलं. कुणी तिचा हक्क काढून घेतला नव्हता. फक्त पालिकेच्या मतदानाची तारीखच आली नाही.

आणि आज आपल्याला एवढंच सांगायचंय, दोस्तांनो. मताचा हक्क म्हणजे यादीतलं नाव आणि बोटावरची शाई एवढंच नसतं. मताला तारीख लागते. तारीख लांबली की हक्क कागदावर जसाच्या तसा राहतो आणि हातात काहीच उरत नाही.

राज्यघटना काय म्हणते?

१९९३ मध्ये ७४वी घटनादुरुस्ती लागू झाली आणि नगरपालिका-महापालिकांना राज्यघटनेत स्वतःची जागा मिळाली. त्यातला अनुच्छेद २४३-यू वाचण्यासारखा आहे. पालिकेची मुदत पहिल्या बैठकीच्या दिवसापासून पाच वर्षं, आणि त्याहून जास्त नाही. ती मुदत संपण्याआधी नवी निवडणूक पूर्ण झालेली असली पाहिजे, असंही त्यात स्पष्ट लिहिलंय. पालिका मधेच बरखास्त झाली तर सहा महिन्यांच्या आत निवडणूक.

हा नियम किती कडक आहे ते बघा. आणीबाणीत लोकसभेची मुदत वाढवता येते, तशी सोय घटनेत आहे. १९७१ मध्ये निवडून आलेल्या लोकसभेची मुदत अशीच वाढवली गेली आणि निवडणूक १९७७ मध्ये झाली. पालिकेला मात्र तेवढीही सवलत नाही. घटना लिहिणाऱ्यांनी आणि नंतर ती दुरुस्त करणाऱ्यांनी नगरसेवकांवर फार विश्वास टाकलेला नाही. पाच वर्षं झाली, खुर्ची सोडा.

गंमत इथेच आहे. खुर्ची सोडायला लावणारा नियम अगदी बरोबर पाळला गेला. ऑगस्ट २०२२ मध्ये मीरा-भाईंदरचे ९५ नगरसेवक घरी गेले. नवे ९५ आणायचा नियम मात्र पाळला गेला नाही. मधल्या रिकाम्या खुर्चीवर प्रशासक बसला. एखाद-दोन महिन्यांसाठी नाही, तर जवळजवळ तीन वर्षं पाच महिने.

मीरा-भाईंदर एकटं नव्हतं. मुंबई, ठाणे, पुणे, नाशिक या सगळ्यांची मुदत २०२२ मध्ये संपली होती. खाडीपलीकडच्या वसई-विरारमध्ये आणि नवी मुंबईत तर २०२० पासून सभागृह नव्हतं. शेवटी १५ जानेवारी २०२६ ला राज्यातल्या २९ महापालिकांसाठी एकाच दिवशी मतदान झालं.

मग अडलं कुठे?

याचं उत्तर कुणा एका खलनायकावर ढकलता येत नाही, म्हणून ते नीट समजून घ्यायला हवं.

मार्च २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की स्थानिक संस्थांमध्ये ओबीसींना आरक्षण द्यायचं तर तीन अटी पूर्ण करा: मागासलेपणाचा अभ्यास करणारा आयोग नेमा, त्याच्या आधारे प्रत्येक संस्थेत किती आरक्षण लागेल ते ठरवा, आणि एकूण आरक्षण पन्नास टक्क्यांच्या वर जाऊ देऊ नका. राज्याकडे तेव्हा अशी माहिती तयार नव्हती. मग बांठिया आयोग आला, जुलै २०२२ मध्ये त्याचा अहवाल आला. त्याच सुमारास प्रभागांची संख्या आणि रचना कुणी ठरवायची यावरून कायदे बदलले गेले. सरकार बदललं, तसे पुन्हा बदलले. प्रकरण कोर्टात गेलं आणि ऑगस्ट २०२२ मध्ये 'जैसे थे'चा आदेश झाला. पुढे तारखांवर तारखा पडत गेल्या. कोर्टाच्या तारखा, मतदानाची नाही.

ओबीसींचं प्रतिनिधित्व हा काही फालतू मुद्दा नव्हता. तोही घटनेने दिलेल्या संरक्षणाचाच भाग आहे. एका संरक्षणाची बाजू सावरताना दुसरं संरक्षण, म्हणजे वेळेवर निवडणूक, हातातून निसटलं. या ओढाताणीत सगळ्यांनीच तोटा सोसला. ज्या ओबीसी तरुणांच्या नावाने वाद चालला होता, त्यांनाही त्या काळात सभागृहात एक खुर्ची मिळाली नाही. अनुसूचित जाती-जमातींच्या राखीव जागा आणि महिलांच्या निम्म्या जागाही तेवढा काळ रिकाम्याच राहिल्या.

६ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, चार महिन्यांत निवडणुका घ्या, आणि ओबीसी आरक्षण २०२२ च्या अहवालाआधी होतं तसं ठेवा. ते चार महिनेही पुरले नाहीत. सप्टेंबरमध्ये शेवटची मुदत मिळाली ३१ जानेवारी २०२६ पर्यंत. त्या मुदतीला सोळा दिवस उरले असताना मतदान झालं.

आता जुनी एक गोष्ट. २००६ मध्ये अहमदाबाद महापालिकेच्या प्रकरणात याच न्यायालयाने म्हटलं होतं की प्रभागरचना किंवा मतदारयादीचं काम राहिलंय, हे निवडणूक लांबवण्याचं कारण होऊ शकत नाही. नैसर्गिक आपत्तीसारखं खरोखरचं संकट असेल तर गोष्ट वेगळी. म्हणजे नियम होता आणि त्या नियमाचा अर्थही न्यायालयाने वीस वर्षांपूर्वीच सांगून ठेवला होता. तरीही हे घडलं. घटनेतलं संरक्षण आपोआप चालू होणाऱ्या पंख्यासारखं नसतं. बटण कुणीतरी दाबावं लागतं.

'बरंच झालं की, नगरसेवक तरी काय करतात?'

हे वाक्य तुम्ही कट्ट्यावर ऐकलं असेल. कदाचित म्हटलंही असेल. प्रशासक शिकलेला असतो, आयएएस असतो, त्याला मतांची भीती नसते, मग चांगलंच काम होईल ना?

होऊ शकतं. मुद्दा माणूस चांगला की वाईट हा नाहीच. मुद्दा आहे, तो कुणाला उत्तर देतो. प्रशासकाची नेमणूक सरकार करतं, बदलीही सरकारच करतं. चौकच्या माणसाला तो आवडला नाही, तर त्याला पाच वर्षांनी घरी पाठवण्याची सोय नाही.

महापालिकेचा कारभार चालतो कसा ते बघा. आयुक्त बजेट मांडतात, स्थायी समिती त्यात काटछाट करते, महासभा मंजूर करते. मांडणारा वेगळा, मंजूर करणारा वेगळा, म्हणून प्रश्न विचारले जातात. प्रशासकाच्या काळात आयुक्तच प्रशासक असतात. बजेट मांडणारे तेच, मंजूर करणारेही तेच. मीरा-भाईंदरची तीन वार्षिक बजेटं अशी झाली. परीक्षेला बसणाऱ्यानेच पेपर तपासला तर मार्क किती पडतील, हे तुम्हाला सांगायला नको.

त्या काळात उत्तनच्या पट्ट्यात काय चाललं होतं? मेट्रो ९ ची कारशेड आधी राई-मुर्धे-मोर्वेला होणार होती. तिथल्या लोकांनी विरोध केला आणि ती डोंगरीला आली. २०२५ मध्ये डोंगरीच्या डोंगरावरची हजारो झाडं तोडण्याच्या प्रस्तावावर हरकती मागवल्या गेल्या. शहरात झाडं तोडायची तर वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. महापालिकेत या प्राधिकरणाचे अध्यक्ष आयुक्त असतात आणि सदस्यांमध्ये नगरसेवक असतात. पण नगरसेवकच नव्हते. लोकांनी अर्ज दिले, मोर्चे काढले, सह्या गोळा केल्या. ज्याला मतदार म्हणून जाब विचारावा, असा पालिकेत मात्र एकही माणूस नव्हता.

सभागृह असतं तर कारशेड झाली नसती, असा दावा मी करणार नाही. मेट्रोचा निर्णय राज्याच्या पातळीवरचा. शहराला मेट्रो हवी आहे आणि कारशेड कुठेतरी होणारच. सभागृह असतानाही धावगी डोंगरावरच्या कचऱ्याचा प्रश्न सुटला नव्हता, हेही खरं. तो धूर आणि तो वास उत्तन-चौकची माणसं कितीतरी वर्षं सोसतायत. पण सभागृह असतं तर कुणालातरी उभं राहून हो किंवा नाही म्हणावं लागलं असतं. ते इतिवृत्तात लिहिलं गेलं असतं. आणि पुढच्या निवडणुकीत चौकच्या एखाद्या आजीने ते इतिवृत्त दाखवून विचारलं असतं, 'तेव्हा तू काय बोललास रे बाबा?'

हा प्रश्न विचारता येणं, यालाच मताचा हक्क म्हणतात.

लहान गावाचं मोठं मत

तुम्ही म्हणाल, लोकसभेला-विधानसभेला मत दिलं ना, मग झालं की. पण जरा आकडे बघा. चौक ज्या ठाणे लोकसभा मतदारसंघात येतं, तिथे २०२४ मध्ये मतदार होते पंचवीस लाखांच्या आसपास. त्यात एका मच्छीमार गावाची काय कथा? मीरा-भाईंदरची लोकसंख्याच २०११ च्या जनगणनेत ८ लाख ९ हजार होती. त्यानंतर मीरा रोडला किती टॉवर उभे राहिले, ते तुम्ही लोकलमधून रोज बघता.

या गर्दीत उत्तन-चौकचा आवाज ऐकू येईल अशी जागा एकच: महापालिकेचा प्रभाग. तिथे एकेका पाड्याचं मत मोजावं लागतं. भाईंदर स्टेशनहून चौकला येणारी शेवटची बस किती वाजता सुटणार, पाण्याची लाइन कधी टाकणार, दवाखान्यात डॉक्टर आहे की नाही, हे प्रश्न दिल्लीला पोचत नाहीत आणि पोचायची गरजही नाही. ते पालिकेत सुटायचे असतात. म्हणून तारीख लांबली तेव्हा सगळ्यात जास्त नुकसान टोकाच्या माणसांचं झालं. टॉवरमधल्या सोसायटीचा सेक्रेटरी थेट अधिकाऱ्याला फोन लावू शकतो. पहाटे होडी घेऊन गेलेल्याला मधलं कुणीतरी लागतं.

हे आपल्या मातीतलं जुनं दुखणं आहे. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळं सर्वांना खुलं करण्याचा ठराव केला. तो कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली लोक तळ्यावर गेले, पाणी प्यायले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने तो ठराव मागे घेतला. तेव्हा मताचा हक्क मालमत्ता, कर, शिक्षण अशा अटींवर मिळायचा. ज्यांना तळ्याचं पाणी नाकारलं जात होतं, त्यांच्यापैकी फारच थोड्यांना मत होतं. गावच्या तळ्याचा निर्णय गावच्या नगरपालिकेत होत होता आणि त्यात बसवायला त्यांच्याकडे माणूस नव्हता. बाबासाहेब प्रौढ मताधिकाराचा आग्रह धरत होते, त्यामागचं कारण असं अगदी रोजच्या पाण्याइतकं साधं होतं.

हक्क आहे, पण कुठल्या जातीचा?

परीक्षेत विचारला जाणारा एक प्रश्न: मतदान हा मूलभूत हक्क आहे का? न्यायालयाने १९८२ मध्ये सांगितलं, नाही, तो कायद्याने दिलेला हक्क आहे. २००३ मध्ये एका न्यायमूर्तींनी त्यात भर घातली की मत देण्याचा हक्क घटनेतून येतो, आणि आपलं मत कुणाला द्यायचं हे ठरवण्याचं स्वातंत्र्य अभिव्यक्तिस्वातंत्र्यात मोडतं. वकील यावर अजूनही वाद घालतात.

तुमच्यासाठी कामाची गोष्ट ही: अनुच्छेद ३२६ ने अठरा वर्षांवरच्या प्रत्येक नागरिकाला मत दिलंय ते लोकसभा आणि विधानसभेसाठी. हे वय आधी एकवीस होतं, ६१व्या घटनादुरुस्तीने १९८९ पासून अठरा झालं. पालिकेचं मत मात्र राज्याच्या कायद्यातून येतं, आणि पालिकेची निवडणूक घेतो तो राज्य निवडणूक आयोग. दिल्लीतला आयोग वेगळा, हा वेगळा. तक्रार चुकीच्या दारात टाकू नका.

यादी मात्र विधानसभेचीच वापरतात, एका ठराविक दिवसाची. या वेळी तो दिवस होता १ जुलै २०२५. ज्याला ऑगस्ट २०२५ मध्ये अठरा पूर्ण झाली, त्याला जानेवारीत पालिकेसाठी मत देता आलं नाही. पुढची निवडणूक वेळेवर झाली तर तो तेविसाव्या वर्षी मत देईल. आणि पुन्हा लांबली तर? पहिल्या परिच्छेदांतल्या त्या मुलीचं गणित आठवा.

यादीतून गळणं नवीन नाही. देशाच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत सुमारे २८ लाख स्त्रियांची नावं यादीतून गेली. त्यांनी स्वतःचं नाव सांगायचं टाळलं, 'अमक्याची बायको', 'तमक्याची आई' एवढंच सांगितलं, आणि निवडणूक आयोगाने तशी नावं घ्यायला नकार दिला. कुणी बंदी घातली नव्हती. तरी मत गेलंच.

आता काय करायचं?

मोर्चा वगैरे नंतर. आधी चार साध्या गोष्टी.

पहिली: यादीत नाव बघा. नसेल तर नमुना ६ भरा. पूर्वी १ जानेवारी हा एकच दिवस धरायचे. आता जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरची १ तारीख असे चार दिवस आहेत. सतरा पूर्ण झाले असतील तरी आगाऊ अर्ज करता येतो. नालासोपाऱ्याहून मीरा रोडला भाड्याने राहायला आला असाल तर पत्ता बदलण्यासाठी नमुना ८. वसतिगृहात राहत असाल तर घरचा पत्ता किंवा वसतिगृहाचा, कुठला तरी एकच निवडा.

दुसरी: आपल्या प्रभागाचे नगरसेवक कोण, ते माहीत करून घ्या. एकाच प्रभागात अनेक नगरसेवक असले की प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. सगळ्यांची नावं पाठ असली की बोट दाखवायला जागा उरत नाही.

तिसरी: गावाला ग्रामसभा असते, शहराला नसते, असं आपण धरून चालतो. महाराष्ट्राच्या महापालिका कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद आहे. मतदारांनी एकत्र बसून आपल्या भागाची कामं सुचवायची, अशी ती कल्पना. ती प्रत्यक्षात क्वचितच भरते. पालिकेत जाण्याआधी चौकच्या पट्ट्यात ग्रामपंचायती होत्या. प्रश्न विचारायची ती सवय शहरात येताना हरवली. आपल्या प्रभागात क्षेत्रसभा कधी भरणार, हे एका अर्जावर लेखी विचारा. कॉलेजच्या एनएसएसला याहून चांगला प्रोजेक्ट काय असणार?

चौथी: तारीख लिहून ठेवा. नव्या सभागृहाची पहिली बैठक ज्या दिवशी झाली, त्या दिवसापासून पाच वर्षं मोजा. २०३१ च्या सुरुवातीचा तो दिवस येतो. मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये टाका, आणि त्याच्या वर्षभर आधीचं एक रिमाइंडरही लावा. २०३० मध्ये प्रभागरचना झाली का, आरक्षणाची माहिती तयार आहे का, यादीचं काम कुठवर आलं, हे माहितीच्या अधिकारात विचारायला दहा रुपये लागतात. मुदत संपल्यावर ओरडण्यात अर्थ नसतो, तोवर खुर्चीवर प्रशासक बसलेला असतो.

२०२२ ते २०२६ या काळात शहरं चालू होती. कचरा उचलला जात होता, दिवे लागत होते, बसही येत होती. म्हणून तर फारसं कुणाला काही हरवल्यासारखं वाटलं नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये सभागृहाला टाळं लागलं, त्या दिवशी 'आमच्या मतदानाची तारीख कुठाय?' असं विचारत किती विद्यार्थी पालिकेच्या दारात गेले असतील?

पुढच्या वेळी हा प्रश्न मुदत संपण्याआधी विचारला गेला पाहिजे. तेव्हा तुमच्यापैकी बरेच जण तेवीस-चोवीस वर्षांचे असाल. विचारायला अगदी योग्य वय.